शंभर शब्दांची सवय

दोन वर्षांत मी एकशेचाळीसच्या वर शतशब्दकथा लिहिल्या. सकाळी ग्रुपवर विषय यायचा: 'रिकामी खुर्ची', 'शेवटचा फोन', 'बंद घड्याळ'. रात्री दहाच्या आत कथा टाकायची, मोजून शंभर शब्द. लिहायला बसायची भीती माझ्या मनातून गेली ती याच काळात. म्हणून नव्याने लिहिणाऱ्या कुणालाही मी सांगेन, विषय घेऊन खुशाल लिहा. पण किती महिने, ते आधी ठरवा.

मी फसले ती इथंच. शंभर शब्दांत माणूस उभा करायला जागा नसते, मग शेवटच्या ओळीत धक्का द्यायचा. जिची वाट बघतोय ती केव्हाच गेलेली असते. जो बोलतोय तो भिंतीवरच्या फोटोतला असतो. हे पटकन जमतं आणि लगेच दादही मिळते. हळूहळू विषय वाचला की मला आधी शेवटच दिसायला लागला.

मग एका दिवाळी अंकासाठी अडीच हजार शब्दांची कथा लिहिली. एसटी स्टँडवर बसलेली आजी, पुण्यात शिकणाऱ्या नातवासाठी डबा घेऊन आलेली. शेवटी कळतं, नातू दोन वर्षांपूर्वीच वारला. संपादकांनी कथा परत केली, सोबत एक ओळ होती: आजी एसटीची वाट बघत नाहीये, तुमच्या शेवटाची बघतेय.

चार दिवस राग गेला नाही. मग कथा पुन्हा वाचली. अडीच हजार शब्दांत आजी काहीच करत नव्हती. पिशवीत काय आहे हेसुद्धा मी लिहिलं नव्हतं, कारण ते लिहिलं असतं तर वाचकाला संशय आला असता. शेवट लपवायच्या नादात मी आजीलाच लपवून टाकलं होतं.

हे मी पुन्हा सांगते, कारण मला कळायला दोन वर्षं लागली. शेवट आधी सुचण्यात काही वाईट नाही. तो सांभाळायला कथेतल्या माणसांची तोंडं बांधली, की कथा मेली. तुमचं असं झालंय का, हे बघायचं तर शेवटचा परिच्छेद झाकून कथा कुणाला तरी वाचायला द्या. 'मग?' असं विचारलं तर कथा जिवंत आहे. 'बरं, पण यात काय आहे?' असं विचारलं तर तुम्हीही त्याच खड्ड्यात आहात. घाबरू नका, त्यातून बाहेर येता येतं.

मी नातवाला जिवंत केलं आणि पिशवी उघडली. फडक्यात बांधलेल्या सहा भाकऱ्या, लसणाची चटणी, भरल्या वांग्याचं तेल सांडू नये म्हणून डब्याच्या झाकणाखाली घातलेला प्लास्टिकचा कागद. डबा कंडक्टरच्या हवाली करायचा, तर आज नेहमीचा कंडक्टर नाही. नवा म्हणतो, पार्सलची पावती करा. आजीला पावती नको, ओळखीचा माणूस हवा. इथून पुढे कथा आपली आपण चालायला लागली.

प्रयोगही याच कथेवर केले. फ्रान्समध्ये १९६० साली लेखक आणि गणितज्ञांनी मिळून उलिपो नावाचा गट काढला. मुद्दाम बंधनं घालून घ्यायची आणि लिहायचं, ही त्यांची रीत. मी 'होता, होती, होतं' वर्ज्य केलं. 'आजी बाकावर बसली होती' हे गेलं. मग आजी पदराने बाक पुसते, बसते, परत उठून गाडीची पाटी वाचायला जाते. एकदा सगळी कथा कंडक्टरच्या तोंडून लिहिली. ती साफ फसली, पण त्याला घरी जायची घाई आहे हे मला त्यातूनच समजलं. फसलेले कागद फाडू नका.

आता कोर्स. मी सहा आठवड्यांचा ऑनलाइन केला. तिथले 'कथेचे टप्पे' आज आठवत नाहीत, पण तिथं भेटलेल्या दोन मैत्रिणी अजून माझा प्रत्येक खर्डा वाचतात. तेवढ्यात पैसे वसूल झाले. फी भरण्याआधी एकच विचारा, माझं लिखाण कुणी ओळीओळीने वाचणार आहे का? नुसते व्हिडिओ असतील तर ते पैसे पुस्तकांवर खर्च करा. तुमचं वाक्य खोडून तिथं स्वतःचं लिहिणारा मार्गदर्शक कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडे जाऊ नका. पैसे भरून प्रातिनिधिक संग्रहात कथा छापून घेऊ नका. मी घेतली आहे, ती कुणीही वाचलेली नाही. शुद्धलेखनाला मात्र पळवाट नाही. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ पासून आहेत आणि ते मोजके आहेत, बसून वाचा.

आणि कथा पाठवत राहा. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि आजही कितीतरी अंकांत नवी नावं दिसतात. फक्त दसऱ्याला जागे होऊ नका. पावसाळा सुरू होता होताच कथा तयार हवी.

आजीची कथा चौथ्या खर्ड्यानंतर दुसऱ्या एका अंकात आली. एकोणीसशे शब्द झाले. तिच्यात कुणी मरत नाही. अंक घरी आला तेव्हा आईने चष्मा लावून कथा सलग वाचली, पान उलटून पुढे काही आहे का ते पाहिलं आणि मला विचारलं, "मग? डबा पोचला का गं?"