अगाशीवरची पोळी आणि गांधीलमाश्या: या चुका टाळा

बडोद्यात गॅलरीत किंवा अगाशीवर (गच्चीवर) माश्या घोंघावू लागल्या की घरात दोनच सूचना येतात: झुरळांचा स्प्रे मारा, नाहीतर जाळून टाका. या दोन्हींमुळे साधी अडचण संकट होऊन बसते. घराभोवती दिसणाऱ्या सात-आठ प्रकारच्या माश्यांपैकी खरोखर धास्ती घ्यावी अशा दोन-तीनच असतात. बाकीच्यांपैकी काहींना नुसतं सोडून द्यायचं असतं, काहींचं पाणी वळवायचं असतं आणि काहींना एखादी जाळी पुरते.

कोण आहे ते न बघता हात घालणे

ग्रिलला, मोगऱ्याच्या फांदीला किंवा कपड्यांच्या दोरीला पंजाएवढं, फार तर वीतभर एकच पोळं लटकत असेल आणि माश्या घरमाशीएवढ्याच, पोटाच्या पुढच्या भागात तांबूस असतील, तर ती फुलोरी. जरा जवळून बघितलं तर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाचे पट्टे दिसतात. मुंग्या येऊ नयेत म्हणून तिनेच ते लावलेले असतात. ही माशी सहसा अंगावर येत नाही. पोळं दारावरच नसेल तर ते तसंच राहू द्यावं. काही महिन्यांत ती आपण होऊन निघून जाते.

भिंतीच्या पोकळीत, जुन्या मीटरबॉक्समध्ये किंवा रिकाम्या पिंपात एकामागे एक समांतर पोळी असतील तर ती सातेरी. पेटीत पाळतात ती हीच. चौकटीच्या फटीतून राळेची बारीक नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी डासाएवढ्या काळ्या माश्या असल्या, तर ती डंख नसलेली जात. तिच्या वाटेला जायचं कारणच नाही.

घाबरायचं ते आग्यामोहोळाला. उंच इमारतीच्या छज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या बुडाला मीटरभर रुंदीचं एकच उघडं पोळं असतं आणि त्यावर माश्यांचा काळपट पडदा. त्या पडद्यावरून मधूनच एक लाट सळसळत जाते. शत्रू जवळ आल्याचं कळलं की त्या अशी लाट उठवतात. तुम्ही बघत असताना लाटा वरचेवर उठू लागल्या तर निमूटपणे मागे सरा.

गांधीलमाशीचं पोळं कागदी, करड्या रंगाचं असतं. एका देठावर उलट्या छत्रीसारखं लटकतं, खालून कप्पे उघडे दिसतात आणि मध अजिबात नसतो. तिचीच मोठी बहीण काळी असते, पोटावर एक ठसठशीत पिवळा पट्टा. ती जमिनीतल्या बिळात किंवा झाडाच्या ढोलीत राहते आणि तिचा डंख फार जबर असतो. तिच्या घराला घरगुती उपाय करू नका.

पोळं काढायला माणूस बोलावताना फोनवर नुसतं ‘भमरी (गुजरातीत गांधीलमाशी) आहे’ असं सांगितलं तर तो औषधाचा पंप घेऊनच येतो. पोळं कागदी की मेणाचं, किती मोठं आणि किती उंचीवर, एवढं सांगा. शक्य असेल तर लांबून फोटो पाठवा.

मार्चच्या आसपास कधी फांदीवर किंवा कठड्यावर माश्यांचा नुसता घोस दिसतो, खाली पोळं नसतंच. नवं घर शोधायला निघालेला थवा तिथे टेकलेला असतो. पोळं, पिल्लं, साठा असं राखण्यासारखं काही नसल्यामुळे तो शांत असतो. काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांत उडून जातो. तोवर त्या बाजूचं दार बंद ठेवावं, एवढंच.

भरदिवसा फवारणी आणि भोक बुजवणे

दिवसा अर्ध्याअधिक माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात. फवारा मारला की पोळ्यावरच्या काही मरतात, उरलेल्या चवताळतात आणि बाहेरच्या परत येऊन तिथेच घिरट्या घालतात. चिरडलेली किंवा डंख मारणारी मधमाशी हवेत इशाऱ्याचा गंध सोडते. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. पोळ्याजवळ एक माशी चपलेने मारणं म्हणजे सगळ्यांना हाक मारण्यासारखं आहे.

भिंतीतल्या सातेरीच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे भोकात स्प्रे मारून वरून सिमेंट लिंपणे. वाचलेल्या माश्या आतून दुसरी वाट शोधतात आणि बऱ्याचदा स्विचबोर्डच्या फटीतून खोलीत उतरतात. आत मेलेल्या पिल्लांची घाण सुटते. पोळ्याला वारा घालणारं कोणी उरत नाही, म्हणून मेण उन्हाने मऊ होतं आणि भिंतीवर मधाचा ओघळ येतो. मागोमाग मुंग्या येतात, मेणातले किडे येतात. अशा ठिकाणी मधपाळच लागतो. तो पोकळी उघडतो, पिल्लांची पोळी कापून दोऱ्याने लाकडी चौकटीत बांधतो, राणीसकट पेटीत घालतो आणि अंधार पडेपर्यंत पेटी तिथेच ठेवतो, म्हणजे चरायला गेलेल्याही आत येतात. भोक बुजवायचं ते त्यानंतर. मधपाळांचे पत्ते कृषी विज्ञान केंद्रात विचारून बघावेत.

गांधीलमाशीचं छोटं पोळं मात्र घरी काढता येतं. ते चिकूएवढं असतानाच गाठा. तेव्हा त्यावर एक राणी आणि चार-सहा माश्या असतात. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 मिली, भांड्यांचं द्रवरूप साबण मिसळा. साबणाचं पाणी माशीच्या अंगावरची श्वासाची छिद्रं बंद करतं, त्यामुळे विषाची गरज पडत नाही. हे पाणी बागेच्या दाबाच्या पंपात भरा आणि नोझल फवाऱ्यावर न ठेवता धारेवर ठेवा. मे महिन्यात आठच्या सुमारास, पुरता अंधार पडल्यावर काम करा. जाड पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, रबरी हातमोजे, टोपी, चष्मा एवढं हवंच. पोळ्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही. मागचं दार उघडं आणि वाट मोकळी असावी. शिडीवर चढायचं नाही. डंखापेक्षा शिडीवरून पडून होणारी इजा मोठी असते. पोळं चिंब भिजून माश्या खाली पडल्या की लांब काठीने देठ खरवडून काढा आणि सगळं पिशवीत बांधून टाका.

पोळं तळहाताहून मोठं असेल किंवा वर वीसेक माश्या दिसत असतील तर हा उद्योग करू नका. टाकीवर, सोलर पॅनेलखाली किंवा हिरव्या शेडनेटजवळ तर मशाल पेटवूच नये. शेडनेट आणि प्लास्टिकचे पाइप कसे भडकतात ते सांगायला नको.

उजेडाचीही एक गोम आहे. रात्री पांढरी बॅटरी मारली की माश्या थेट त्या उजेडावर, म्हणजे तुमच्या हातावर येतात. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, गांधीलमाशीलाही जवळपास नाहीच. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळा आणि गॅलरीतला दिवा बंद ठेवा. सकाळी ट्यूबलाइटखाली मेलेल्या माश्यांचा सडा दिसत असेल तर जवळपास आग्यामोहोळ आहे असं समजा. त्या रात्रीही उडतात आणि दिव्याभोवती फिरून दमून पडतात. त्या बाजूला पडदा लावा आणि पिवळसर उजेडाचा बल्ब वापरा. पडलेल्या माश्या अनवाणी तुडवू नका, मेलेल्या माशीचाही काटा टोचतो.

उन्हाळ्यात पाणी एकदम तोडणे

एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या तक्रारी बहुतेक पोळ्याच्या नसतातच, पाण्याच्या असतात. पारा चाळिशीच्या वर गेला की मधमाश्या पोळं थंड ठेवायला पाणी वाहून नेतात. ते पोळ्यावर पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात. कूलरची ओली जाळी, गळका नळ, ओसंडणारी टाकी, एसीच्या पाण्याचा पाइप, कुंडीखालची ताटली ही त्यांची ठरलेली ठिकाणं. एकदा जागा पाठ झाली की त्या दिवसभर फेऱ्या मारतात.

इथे लोक आधी नळ दुरुस्त करतात आणि मग तक्रार करतात की माश्या आता मोरीत आणि स्वयंपाकघराच्या सिंकवर यायला लागल्या. क्रम उलटा हवा. आधी अगाशीच्या बसायच्या जागेपासून लांबच्या, सावलीतल्या कोपऱ्यात पसरट परात ठेवा. तिच्यात गोटे किंवा विटेचे तुकडे असे भरा की त्यांची डोकी पाण्याबाहेर राहतील. उघड्या पाण्यात माश्या बुडतात. परात कायम भरलेली हवी. एक दिवस जरी कोरडी पडली तरी त्या जुन्या नळावर परततात. परातीवर माश्यांची वर्दळ सुरू झाली, की मगच गळती बंद करा आणि कूलरच्या मागे बारीक जाळी लावा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर माश्यांची सोय करता करता डास पाळाल.

डांबराच्या गोळ्या, लवंग खोचलेलं लिंबू, कापूर यांच्या भरवशावर राहू नका. तहानलेली माशी वासाला भीक घालत नाही.

पोळं काढलं, डाग ठेवला

आग्यामाश्या वर्षानुवर्षं त्याच छज्जाला येतात, आणि मेणाचा उरलेला थर नव्या थव्यालाही खुणावतो. पोळं गेल्यावर जागा पत्र्याने खरवडायची, गरम पाणी आणि साबणाने घासायची आणि वर चुना किंवा रंग मारायचा. नुसतं पोळं कापून मध घेऊन जाणारा माणूस स्वस्त पडतो, पण तो हे करत नाही आणि माश्या त्याच जागी परत लटकतात. बोलणी करताना तीन गोष्टी आधी ठरवा: आग न लावता धुरावर काम होईल ना, जागा खरवडून देणार का, आणि काम रात्री होणार असेल तर आजूबाजूच्या घरांना कोण सांगणार. मधाच्या वाट्यावरून घासाघीस नंतर करता येईल. आणि पोळं वर्दळीपासून दूर, उंचावर असेल तर फुलोरा सरेपर्यंत थांबून रिकामं पोळं काढणं सगळ्यात शहाणपणाचं.

उत्तरायणाच्या आधी वर न बघणे

14 आणि 15 जानेवारीला सगळं शहर अगाशीवर असतं आणि आग्यामोहोळही त्याच उंचीवर असतं. कापलेला पतंग टाकीखालच्या पोळ्यात अडकतो, कोणीतरी दोरी हिसकतो आणि मांज्याने पोळं चिरलं जातं. आठवडाभर आधी आपल्या आणि शेजारच्या इमारतीच्या टाक्या आणि छज्जे खालून नजरेखालून घाला. पोळं असेल तर त्या बाजूची अगाशी बंद ठेवा आणि वॉचमनला सांगून ठेवा. स्पीकर पोळ्याकडे तोंड करून ठेवू नका, संध्याकाळी त्या दिशेने फटाके उडवू नका. दोरी अडकलीच तर आपल्या हाताशी कापून सोडून द्या. पतंग दहा रुपयांचा असतो.

जिलेबी आणि उसाचा रस झाकून ठेवा आणि रस झाकणाच्या पेल्यातून किंवा स्ट्रॉने प्या. पेल्यात पडलेली माशी घशात चावली तर सुजेने श्वास कोंडतो. गांधीलमाश्यांसाठी साखरपाण्याचा सापळा लावायचाच तर बसायच्या जागेपासून निदान पाच-सहा मीटर लांब टांगा आणि त्यात थोडं व्हिनेगर घाला, म्हणजे मधमाश्या त्याकडे फिरकत नाहीत. सापळा टेबलाशेजारी ठेवणं म्हणजे पाहुण्यांना आमंत्रण.

भुंगा आणि कुंभारीण

झोपाळ्याच्या दांडीला किंवा बांबूच्या मांडवाला सुबक गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर तो काळा भुंगा. तोंडासमोर तरंगून दटावतो तो नर, त्याला डंखच नसतो. भुंगा आत असताना भोक बुजवलं तर शेजारी दुसरं पाडतो. ये-जा थांबल्यावर लाकडी खुंटी आणि पुट्टी भरा, लाकडाला रंग किंवा वॉर्निश द्या, बांबूची उघडी टोकं बंद करा. कृष्णकमळाचा वेल असेल तर मात्र त्याला फार छळू नका, फळ त्याच्यामुळेच धरतं.

कुंभारीण माशी मातीची घरटी करते, आत कोळी भरून ठेवते आणि घरट्याची राखण करत नाही. सॉकेट, कुलपाचं भोक, गीझरचा धूर जाणारा पाइप असल्या जागा ती लिंपते. माती खरवडून टाका. एसीच्या पाण्याच्या नळीच्या टोकाला बारीक जाळी बांधली तर दरवर्षीचा त्रास वाचतो. गॅस गीझरच्या पाइपला मात्र जाळी न लावता हंगामात तो वरचेवर तपासा, कारण तो तुंबला तर विषारी वायू घरात कोंडतो.

डंखानंतरच्या चुका

माश्या मागे लागल्या तर हात झाडत उभं राहू नका. तोंड कपड्याने झाकून सरळ पळा आणि खोलीत जाऊन दार लावा. चार माश्या आत आल्या तरी चालेल. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघतात.

मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि पिशवी आकुंचन पावत विष सोडत राहते. चिमटा शोधत बसू नका. नखाने, कार्डाने, जमेल तसा पण लगेच काढा. गांधीलमाशीचा काटा राहत नाही, पण ती पुन्हा पुन्हा डंख मारते. चुना, टूथपेस्ट, लोखंड घासणे, माती हे सगळं सोडा. साबणाने धुवा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा आणि सूज यायच्या आत अंगठ्या आणि बांगड्या काढा.

डंखाच्या जागेपासून दूर अंगभर पित्त उठलं, ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, उलटी झाली किंवा गरगरलं, तर ती ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते. 108 ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. यावर इलाज ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचा आहे. सेट्रिझिनची गोळी देऊन वाट बघणं महागात पडतं.

डंख पुष्कळ असतील, म्हणजे मोठ्या माणसाला वीस-पंचवीस किंवा लहान मुलाला दहाच्या वर, तर बरं वाटत असलं तरी सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी न्या. स्नायू आणि मूत्रपिंडांवरचा परिणाम काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची होऊ लागली तर डॉक्टरांना डंखांची संख्या आणि वेळ आवर्जून सांगा. एकाच डंखाची सूज दुसऱ्या दिवशी वाढणं नेहमीचं आहे. तिसऱ्या दिवसानंतरही लाली पसरत असेल किंवा ताप आला असेल, तर दाखवून घ्या.