युरोपातल्या शहरांची मालवाहतूक मोजताय? या चुका टाळा

दोन शहरांचे आकडे एका तक्त्यात बसवले की तुलना झाली, असं समजणारे नवे अभ्यासक दर वर्षी भेटतात. घाई त्यांची, पण निस्तरावं लागतं पुढच्यांना.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘डिलिव्हरी’ कशाला म्हटलंय ते न विचारणं. एकदा माझ्याकडे दोन शहरांच्या फाइली आल्या. रकान्याचं नाव सारखंच, पण दुकानांच्या संख्येने भागल्यावर एका शहराचा आकडा तिप्पट निघाला. आम्ही कारणंही शोधली: छोटी दुकानं, मागे साठवायला जागा नाही. तीन आठवडे लिहिण्यात गेले. मग मूळ प्रश्नावल्या मागवल्या. एका शहराने गाडीचे थांबे मोजले होते, दुसऱ्याने खोकी. सगळं लिखाण बाद झालं.

तेव्हापासून माझा पहिला ईमेल ठरलेला असतो: ‘एक व्हॅन, एक थांबा, चार दुकानं, नऊ खोकी. तुमच्या नोंदीत किती?’ उत्तरं 1, 4, 9 अशी तिन्ही येतात. उत्तर येईपर्यंत मी फाइल उघडत नाही. फ्रान्सने 1990च्या दशकात बोर्दो, मार्सेय आणि दिजाँमध्ये पाहणी करताना एकक आधी ठरवलं: एका आस्थापनेत एका गाडीने केलेली पोच किंवा उचल. म्हणून ती शहरं एकमेकांशेजारी ठेवता येतात.

दुसरी चूक म्हणजे राष्ट्रीय आकडेवारीवरून शहराचा आकडा काढणं. रस्त्यावरच्या मालवाहतुकीच्या आकडेवारीबद्दलच्या युरोपीय संघाच्या 70/2012 या नियमानुसार देशांना मोजणीतून 3.5 टनांपर्यंत भारक्षमतेच्या किंवा 6 टनांपर्यंत एकूण वजनाच्या गाड्या वगळता येतात. म्हणजे दारोदार पार्सल पोचवणारी व्हॅनच गायब! जर्मनीने 2002 आणि 2010 मध्ये छोट्या व्यावसायिक गाड्यांची वेगळी पाहणी केली, ती याचसाठी मोलाची.

‘शहर’ म्हणून कुठली हद्द धरलीय ते तपासा. पॅरिस शहर सुमारे 105 चौरस किलोमीटर, ग्रेटर लंडन सुमारे 1,570.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात दिसलेली प्रत्येक व्हॅन मालाची नसते, प्लंबरचीही असते.

फ्रान्समध्ये ऑगस्टात मोजू नका, बरीच दुकानं सुट्टीवर असतात.

आणि दुकानदाराला ‘आठवड्याला किती गाड्या येतात?’ असं नुसतं विचारून उठू नका. तो मुख्य पुरवठादार सांगतो. कुरिअर, परत गेलेला माल, स्वतःच्या गाडीने आणलेला माल विसरतो. मी निदान एक सकाळ त्याच्या दारात वही घेऊन बसतो.