रविवारी ‘चोत्तो’

कोराकुएन बागेच्या दक्षिण दरवाजापाशी मी सकाळी दहापासून उभी होते. समोर त्सुकिमी पूल, पुलापलीकडे जपानमधल्या ओकायामा शहराचा काळा किल्ला, खाली असाही नदी. साडेअकरा वाजले, बारा वाजले, माझी वर्गमैत्रीण आली नाही. फोन करायचा तर बोलायचं काय ते सुचेना. फोनवर ना हात दिसतात ना चेहरा, आणि माझं जपानी तेव्हा हातवाऱ्यांच्या आधारानेच उभं राहायचं. एक वाजता शिरोशिता थांब्यावरून ट्राम पकडून घरी आले आणि होस्ट आईला, म्हणजे जिच्या घरी राहत होते तिला, काही न सांगता खोलीत जाऊन रडले.

शुक्रवारी वर्गात मी तिला विचारलं होतं, रविवारी कोराकुएनला जाऊ या का? मान किंचित कलती करून ती म्हणाली, “निचियोबी वा, चोत्तो…” निचियोबी म्हणजे रविवार, चोत्तो म्हणजे थोडं. मला वाटलं, रविवारी थोडा वेळ येते म्हणतेय. मी म्हटलं, “दहा वाजता, दक्षिण दरवाजा.” तेवढ्यात तास सुरू झाला.

‘चोत्तो’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की जपानीत तो नकार असतो. ‘जरा अडचण आहे’ एवढं सुचवायचं, पुढचं समोरच्याने ओळखायचं. आणि माझ्या ‘दहा वाजता’मध्ये कर्ता नव्हता. जपानीत कर्ता गाळला तरी चालतो, आपल्याकडेही चालतो. तिला वाटलं, मी एकटी दहाला जाणार आहे ते सांगतेय. त्या दिवशी तिच्या घरी आजोबांच्या श्राद्धासारखा विधी होता. सोमवारी मी तीन तास उभी होते हे कळल्यावर तिचा चेहरा असा उतरला की मीच तिची समजूत घालत बसले, तीही धड शब्दांशिवाय.

हे २०१७ साली घडलं. दहावी झाल्यावर ऑगस्टमध्ये मी पुण्याहून ओकायामाला गेले, विद्यार्थी देवाणघेवाणीत, दहा महिन्यांसाठी. या वर्षी जाणाऱ्या दोघींनी मला विचारलं, “भाषा येत नसताना मैत्री कशी होते?” फोनवर सांगून भागेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडं व्यवहाराचं. रोटरीच्या युवा देवाणघेवाणीत १५ ते १९ वयाच्या मुलांना वर्षभरासाठी पाठवतात आणि तिथे एकाहून अधिक कुटुंबांत राहायचं असतं. एएफएस ही अशीच जुनी संस्था आहे. पहिल्या महायुद्धात जखमींना रुग्णवाहिकांतून नेणाऱ्या स्वयंसेवकांपासून ती सुरू झाली. कोणत्याही मार्गाने गेलात तरी परत आल्यावर तुमचं ते वर्ष इथे धरलं जाईल का, हे आपल्या कॉलेजात निघण्याआधीच विचारून घ्या. माझं धरलं गेलं नाही. मैत्रिणी बारावीत गेल्या, मी अकरावीत बसले. त्याचं दुःख मला झालं नाही, कारण घरात ते आधीच बोलून ठरलं होतं.

ओकायामा आणि पुणे यांचं नातं पुणेकरांना ठाऊक आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि ते याच कोराकुएनवरून बेतलेलं आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी ती एक. लहानपणी ज्या बागेतल्या माशांना बघायला जायचे, तिची थोरली बहीण इथे आहे, हे मला होस्ट आईला सांगायचं होतं. ते नीट सांगता यायला मला नोव्हेंबर उजाडला.

जाताना मी एन-५, म्हणजे जपानीची सगळ्यांत पहिल्या पायरीची परीक्षा, देऊन गेले होते. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, वाचता येत होती. मराठी माणसाला ही अक्षरं परकी वाटायचं कारण नाही. आ-ई-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे पोचलेल्या सिद्धम् लिपीच्या वर्णमालेवरून आलेला आहे, म्हणजे आपल्या बाराखडीचाच नातेवाईक. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्ययं नामानंतर, वाक्याच्या शेवटी आपल्या ‘ना’सारखा ‘ने’. ‘त्सु’ म्हणताना इतर देशांची मुलं अडखळतात, आपण ‘चूल’मधला च उच्चारतो तिथेच जीभ ठेवायची. हे सगळं वर्गात कामाला आलं. मधल्या सुट्टीत मात्र आलं नाही.

कारण मला शिकवलेली जपानी ‘देस-मास’ची होती, म्हणजे आपली अहो-जाहो. वर्गातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली एकमेकींशी एकेरीत बोलत, आणि मी त्यांना ‘आपण डबा खाल्लात का?’ छापाचं विचारत होते. त्या तितक्याच आदराने उत्तर देऊन परत आपल्या घोळक्यात वळत. दोष त्यांचा नव्हता. अहो-जाहो करणाऱ्या मुलीच्या गळ्यात हात कोण टाकेल? जाण्याआधी शिक्षकांना सांगून एकेरी रूपं घोटून घ्या. शिवाय घरात तिसरीच भाषा. होस्ट आजी ‘तोतेमो’ म्हणायच्या जागी ‘देरे’ म्हणायची. पुस्तकात ‘खूप’ शिकून गेलेल्याला कोल्हापुरात ‘लई’ भेटावं, तसं.

आता तिच्याबद्दल. तिचं नाव लिहीत नाही, इथे तिला मोमो म्हणते. मोमो म्हणजे पीच, ओकायामाचं लाडकं फळ. ती माझ्या शेजारच्या बाकावर बसायची आणि वर्गात सगळ्यांत कमी बोलायची. पहिला महिना मी बोलक्या, थोडंफार इंग्रजी येणाऱ्या मुलींच्या मागे होते. त्यांच्याशी गप्पा पटकन सुरू होत आणि ‘भारतात खूप उकडतं का’ इथे संपत. मोमोशी गप्पा नव्हत्याच. आम्ही दोघी शाळा सुटल्यावर कॉरिडॉर पुसायचो, कारण तिथे सफाई मुलंच करतात, आणि आमची जोडी लागली होती. ओलं फडकं पिळून देणं, बादली दोघींनी उचलणं. यात भाषा लागत नाही. पण रोज पंधरा मिनिटं एकाच कामावर चार हात असले की माणूस ओळखीचं होतं.

मग ती मला सुलेखनाच्या क्लबात घेऊन गेली. शाळेनंतरचे हे क्लब, बुकात्सु, तिथल्या मुलांचं अर्धं आयुष्य असतात. माझा आग्रह आहे की पहिल्या पंधरवड्यातच एखाद्यात जा, आणि हाताने काही करायचं असेल असाच निवडा. वादविवाद किंवा नाटक नको. सुलेखनात मला तीन शब्द पुरले. तोमे, म्हणजे कुंचला थांबवणं. हाने, म्हणजे टोकाशी वर उडवणं. हाराई, म्हणजे दाब कमी करत रेघ सोडून देणं. मोमो माझं मनगट धरायची आणि नेमक्या क्षणी कानाशी ‘तोमे’ म्हणायची. दोन महिने आमचं सगळ्यांत लांब संभाषण हेच होतं. मग तिने तिचं नाव देवनागरीत काढून मागितलं. मी काना, वेलांटी दाखवली. अक्षरं लिहून झाल्यावर वरून शिरोरेषा ओढताना तिने श्वास रोखला होता. नंतर ती रेघ पुन्हा पुन्हा ओढत बसली. अख्खं नाव एका दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसतं, असं तिने हातांनी दाखवलं.

कोराकुएनच्या त्या रविवारनंतर, मंगळवारी, तिने माझ्या बाकावर एक वही ठेवली. पहिल्या पानावर सोप्या वाक्यांत लिहिलं होतं की ती बोलताना घाबरते, लिहिताना नाही. प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षराच्या, डोक्यावर बारीक हिरागाना. जपानी मुलींमध्ये अशी वही फिरवायची जुनी पद्धत आहे, तिला कोकान निक्की म्हणतात, देवाणघेवाणीची डायरी. एक दिवस तिने लिहायचं, एक दिवस मी. मला कोश उघडायला अख्खी संध्याकाळ मिळायची. चुकलं तर ती लाल रेघ मारत नसे, तेच वाक्य आपल्या उत्तरात बरोबर करून वापरत असे.

फोनमधलं भाषांतर आम्ही एकदा वापरून पाहिलं. दोघी स्क्रीनकडे बघत बसलो आणि एकमेकींकडे बघायचं राहून गेलं. दवाखाना, स्टेशन, पैशांचा व्यवहार इथे ते जरूर वापरा. मैत्रिणीसमोर खिशात ठेवा.

वहीच्या मागच्या पानांवर आमचा खजिना आहे, जोडशब्दांचा. छाती धडधडते, तर त्यांचं दोकी-दोकी. फरशी चकचक, तर पिका-पिका. चांदण्या लुकलुक, तर किरा-किरा. पाऊस धो धो, तर झाऽ-झाऽ. पोटात कावळे ओरडतात त्याला पेको-पेको. मराठीसारखी जपानीही अशा शब्दांनी गच्च भरलेली आहे, आणि व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना शेवटी कुठेतरी जागा मिळते. पण दोन मुलींना एकमेकींना सांगायचं असतं ते बहुतेक याच शब्दांत असतं. परीक्षेच्या निकालाआधी ती माझा हात छातीवर ठेवून ‘धडधड’ म्हणाली, ‘ध’ आणि ‘ड’ दोन्ही कसेबसे जमवत. त्या दिवसापासून तिने माझ्या नावापुढचं ‘सान’ काढून ‘चान’ लावलं. अहो-जाहो संपली.

हुंकाराचंही सांगायला हवं. गोष्ट ऐकताना आपण ‘हं… हं’ करतो ना, तसा जपानीत तो प्रत्येक वाक्याला लागतो: उन, उन, हेऽ, सोऽ नान दा. मी आदराने गप्प ऐकत असे आणि समोरची माणसं मध्येच थांबत, मला कंटाळा आला असं समजून. हुंकार द्यायला लागले तशी होस्ट आजीसुद्धा मोकळी झाली. सगळं समजत नसतानाही हुंकार द्यावा का? द्यावा, पण जिथे काही ठरवायचं आहे तिथे नाही. वेळ, जागा, हो-नाही हे मात्र उलट म्हणून दाखवायचं. मोमोचा आणि माझा तसा करारच झाला. ती मला ‘चोत्तो’ म्हणणार नाही, सरळ ‘दामे’, म्हणजे ‘नाही जमणार’, म्हणेल. आणि मी तिला ‘बघू’ म्हणणार नाही. कारण तोवर मी तिला आपल्या ‘बघू हं’चा अर्थ समजावून सांगितला होता, आणि ती पोट धरून हसली होती.

खाण्याची अडचण शाकाहाऱ्यांना येणारच. मांस दिसतं, पण दाशी दिसत नाही. माशाच्या सुक्या तुकड्यांचा हा अर्क मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळीकडे असतो. मोमो दुकानात पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचायची आणि चालेल त्यावर बोट ठेवायची. तुमच्यासाठी कुणी असं करत असेल तर संकोचू नका, करू द्या. मी सुरुवातीला ‘राहू दे, राहू दे’ म्हणायचे, आणि तिला वाटायचं की तिची मदत मला नकोय.

घरी रोज व्हिडिओ कॉल करू नका, हे आईबाबांनाही सांगा. रोज रात्री तासभर मराठीत मन मोकळं झालं की दिवसा परक्या भाषेत धडपडायची गरज उरत नाही. आम्ही रविवारवर आलो. आईला जड गेलं.

परतताना मोमोच्या घरचा पत्ता मी कांजीत, स्वतःच्या हाताने लिहून घेतला. इन्स्टाग्रामवर आम्ही दोघी आहोत, पण तिथे फोटो बघून पुढे जातो. वह्या अजून टपालाने फिरतात. सहावी गेल्या महिन्यात तिच्याकडे पोचली. शेवटच्या पानावर मी विचारलंय, येत्या मेमध्ये, आंब्याच्या दिवसांत, पुण्याला येशील का? खाली दोन रेघा मारून लिहिलंय: जमत नसेल तर ‘दामे’ लिही.