ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली, आता गाडीच्या इन्शुरन्सचं काय?

नाशिकला मी गाड्यांच्या इन्शुरन्सचं काम करते. थर्टी फर्स्ट उलटला की फोन सुरू होतात, "ताई, पोरावर ड्रंक अँड ड्राइव्हची केस झालीय, प्रीमियम किती वाढेल?"

केस झाली म्हणून आपल्याकडे प्रीमियम आपोआप वाढत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला १ जून २०२२ पासून तो ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी. चालवणारा माळकरी असो की पट्टीचा पिणारा, आकडा तोच. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, दर कंपनी ठरवते, पण त्यातली २० ते ५० टक्क्यांची नो क्लेम बोनसची (आधी क्लेम न घेतल्याबद्दलची) सवलत जाते ती क्लेम घेतल्यावर, केस झाल्यावर नाही. वाहतुकीचे गुन्हे प्रीमियमला जोडायचा प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्ये आला होता. त्यात दारू पिऊन चालवण्याला १०० गुण होते, चुकीच्या पार्किंगला १०. माझ्या हातून गेलेल्या एकाही पॉलिसीत असा जादा प्रीमियम मी अजून पाहिलेला नाही.

खरी भानगड लायसन्सची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाची चर्चा सगळे करतात. पण दोषी ठरल्यावर कोर्ट किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवतं, हे फार जणांना ठाऊकच नसतं. त्या काळात स्टिअरिंगला हात लावायचा नाही, दळण आणायलासुद्धा नाही. पॉलिसीतला 'ड्रायव्हर क्लॉज' काढून वाचा. चालवणारा अपात्र ठरवलेला असला की क्लेम गेला. बायकोने किंवा ड्रायव्हरने चालवली तर हरकत नाही, लायसन्स मात्र चालू हवं.

गाडी उभीच आहे म्हणून रिन्यूअल सोडू नका. मुदत संपून ९० दिवस झाले की साठवलेला बोनस बुडतो. नवीन कंपनीच्या फॉर्मवर आधीच्या शिक्षेबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा.

त्याच रात्री गाडी ठोकली असेल तर गोष्ट वेगळी. नशेत झालेलं नुकसान पॉलिसीतून वगळलेलंच असतं, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) घेतलेलं असलं तरी. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही त्यात अडकतो. समोरच्या जखमी माणसाला अपघात भरपाईचं ट्रिब्युनल बहुधा कंपनीकडून पैसे देववतं आणि कंपनीला ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. लाखांचा खड्डा पडतो तो इथे.

आणि कृपा करून क्लेम फॉर्मवर मेहुण्याचं नाव टाकू नका. एका क्लेममध्ये फॉर्मवर 'चालक' म्हणून मेहुणा होता आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर छातीला स्टिअरिंगचा मार, तोंडाला दारूचा वास, नाव मालकाचं! नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने दोन्ही कागद शेजारी ठेवले, विषय संपला. ब्रेथ टेस्ट झाली नव्हती, हा बचावही पक्का नाही. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये ठोकलेल्या पोर्शच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२१ साली सांगितलं, की टेस्ट नसली तरी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध करता येते. अर्थात सिद्ध कंपनीनेच करायची. नुसत्या संशयावर क्लेम नाकारला असेल तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. नाशिककरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.