सादाकोची वंशावळ: 'रिंग' मालिका बघायची तर कशी बघावी

"मावशी, पहिल्यापासून सुरू करतो आणि सरळ शेवटपर्यंत बघत जातो," असं भाचा म्हणाला, तेव्हा मी त्याला आधी कागद-पेन्सिल आणायला लावली. जपानची 'रिंग' ही भयपटांची मालिका सरळ वाढलेलीच नाही. तारखांच्या क्रमाने बघायला बसलात तर दुसऱ्याच सिनेमाला ठेचकाळाल. मी ठेचकाळले होते.

कागदाच्या मधोमध लिहा: 'रिंगू', १९९८, दिग्दर्शक हिदेओ नाकाता. त्याच्याखाली, मुळाच्या जागी, कोजी सुझुकीची १९९१ ची 'रिंग' ही कादंबरी. सुरुवात सिनेमापासूनच करा, कादंबरी मागाहून वाचा. गोष्टीचा गाभा दोन्हींत एकच: एक शापित व्हिडिओ कॅसेट, ती बघणाऱ्याला मरणाआधी सात दिवसांची मुदत. पण कादंबरीतला पत्रकार पुरुष आहे. सिनेमात त्याची रेको झाली, लहान मुलाला एकटीने वाढवणारी. शेवट जो टोचतो तो या बदलामुळे. आणि सादाको, म्हणजे या मालिकेतलं भूत, टीव्हीतून बाहेर येते तो प्रसंग पुस्तकात नाहीच! आज सगळ्या जगाला मालिकेतलं तेवढंच आठवतं.

त्या प्रसंगासाठी खोलीत अंधार केला नाही तरी चालेल, पण कानाला हेडफोन हवा. केंजी कावाईच्या संगीतात मध्येच धातू घासल्यासारखा जो आवाज येतो, तो टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर मरतो. आधी एकदा नुसतं घाबरून घ्या. मग तोच प्रसंग पुन्हा लावा आणि तिच्या पावलांकडे बघा. रिए इनोओ या नटीला उलटं चालायला लावलं आणि ते चित्रण उलटं फिरवलं. म्हणून ती पुढे येत असते, पण शरीर मागे ओढल्यासारखं दिसतं. केसांआडून दिसणारा तो डोळा मात्र तिचा नाही, चित्रीकरणाच्या चमूतल्या एका पुरुषाचा आहे. हे कळल्यावर भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. झाली नाही.

आता ठेचेची जागा. 'रिंगू'सोबत त्याच दिवशी, जोडीनेच, 'रासेन' नावाचा पुढचा भाग प्रदर्शित झाला होता. दिग्दर्शक जोजी ईदा, आधार सुझुकीच्याच दुसऱ्या कादंबरीचा. तो शवविच्छेदनाच्या टेबलापासून सुरू होतो आणि शापाला चक्क विषाणू ठरवून मोकळा होतो. प्रेक्षकांनी 'रिंगू' डोक्यावर घेतला, 'रासेन'कडे पाठ फिरवली. मग निर्मात्यांनी काय करावं? 'रासेन' घडलाच नाही असं धरून १९९९ मध्ये नाकाताकडून 'रिंगू २' करून घेतला. मिकी नाकातानी ही नटी माई हीच भूमिका घेऊन तिन्हींत आहे. 'रासेन'मध्ये माईचं काय होतं ते सांगत नाही, पण ते बघून तुम्ही 'रिंगू २' लावलात आणि ती समोर आली, की माझ्यासारखेच मागचा भाग पुन्हा लावून बघत बसाल.

म्हणून 'रिंगू'पासून दोन फांद्या काढा, एकीवर 'रासेन', दुसरीवर 'रिंगू २'. पुढच्या प्रत्येक सिनेमाला एकच प्रश्न विचारायचा: हा मागच्या कोणाला मानतो आणि कोणाला ओळखही देत नाही? उत्तर मिळालं की त्याची फांदी ठरली.

पहिल्या फेरीत 'रिंगू', 'रिंगू २' आणि मग २००० चा 'रिंग ०'. त्यात तरुण सादाको एका नाटक मंडळीत काम करताना दिसते. कथेच्या काळाप्रमाणे तो सगळ्यांत आधीचा, पण म्हणून आधी बघू नका. विहिरीत कोण आहे हे ठाऊक असेल तर 'रिंगू'त शोधायला उरतंच काय? 'रासेन' त्यानंतर, वेगळ्या दिवशी, वेगळी गोष्ट समजून बघा. तसा बघितला तर तो वाटतो तितका वाईट नाही.

२००२ चा अमेरिकी 'द रिंग' हे वेगळं झाड. गोर व्हर्बिन्स्कीने सुमारे ४.८ कोटी डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमाने जगभरात जवळपास २५ कोटी डॉलर मिळवले, आणि जपानी भयपटांच्या अमेरिकी आवृत्त्यांची रांग लागली. २००५ च्या दुसऱ्या भागासाठी तर खुद्द नाकातालाच बोलावलं. सिनेमा चांगला आहे, पण जपानीच्या आधी नको. मी धाकट्या भावाला आधी तो दाखवायची चूक केली. त्यातल्या भुताचं नाव समारा. नंतर सादाकोला बघून तो म्हणाला, "ही त्या समारापेक्षा कमी सडलीये." झालं, संध्याकाळ वाया.

१९९९ मधला कोरियन 'रिंग व्हायरस', त्याच वर्षीच्या दोन जपानी टीव्ही मालिका, ड्रीमकास्ट या गेमच्या यंत्रावरचा व्हिडिओ गेम, हे सगळं कागदाच्या कडेला नोंदवा. हौस असेल तरच त्यांच्या वाटेला जा.

२०१२ च्या 'सादाको थ्रीडी'पासून मात्र नजर बदलून बसा. त्या वर्षी सादाकोने टोकियो डोममध्ये बेसबॉल सामन्याचा पहिला चेंडू टाकला. पांढऱ्या झग्यात, केस तोंडावर घेऊन! भुताची अशी शुभंकर बाहुली झाल्यावर त्याला घाबरायचं कसं? २०१६ मध्ये तिची झुंज 'जू-ऑन' या दुसऱ्या जपानी भयपट मालिकेतल्या कायाको या भुताशी लावली. ती कल्पना मुळात एप्रिल फूलची थट्टा म्हणून जाहीर झाली होती. हा सिनेमा मित्रमंडळी जमवून, हसायच्या तयारीने बघा. २०१९ चा 'सादाको' पुन्हा नाकाताचा आहे, तो घाईत नसाल तेव्हा. आणि २०२२ च्या 'सादाको डीएक्स'मध्ये सात दिवसांची मुदत चोवीस तासांवर आली आहे.

भाच्याने तेवढं वाचून कॅसेट म्हणजे नेमकं काय, असं विचारलं. पहिला सिनेमा लावण्याआधी हेही समजावून ठेवा: टेप, व्हीसीआर, आणि एकावरून दुसरी प्रत करायला लागणारी दोन यंत्रं. शेवटची पाच मिनिटं त्याच्यावाचून कळत नाहीत.