एअर लाइनमध्ये पाणी येते? ड्रायर बदलण्याआधी या चुका टाळा

कारखान्यात दाबलेली हवा यंत्रांकडे नेणाऱ्या पाइपमध्ये, म्हणजे एअर लाइनमध्ये, पाणी येते अशी तक्रार झाली की दोनच उपाय सुचवले जातात: यंत्राजवळच्या फिल्टरचे एलिमेंट (आतला गाळणारा भाग) बदला, नाही तर हवा सुकवणारा मोठा ड्रायर मागवा. उपाय सुचवणाऱ्याने त्या दिवशी ड्रेनमधून, म्हणजे साचलेले पाणी सोडण्याच्या तोटीतून, किती पाणी बाहेर पडले हे पाहिलेले नसते, आणि माझा सगळा राग तेथेच आहे. पाणी हवेतूनच आत येते, यात गूढ काहीच नाही. ते ज्या वाटेने बाहेर जायला हवे होते, ती वाट कोठे अडली हे शोधायचे असते.

त्यासाठी आधी हिशेब मांडावा. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २१ ग्रॅम बाष्प असते, म्हणजे मिनिटाला १० घनमीटर हवा घेणारा कॉम्प्रेसर दर मिनिटाला सुमारे २१० ग्रॅम पाणीही आत घेत असतो. हीच हवा वातावरणाच्या दाबापेक्षा ७ बार अधिक दाबून आफ्टरकूलरमध्ये (कॉम्प्रेसरनंतर हवा थंड करणाऱ्या भागात) ४० अंशांपर्यंत थंड केली की तिचे आकारमान जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते, तेवढ्या जागेत मावेल तेवढेच बाष्प टिकते आणि बाकीचे पाणी होते. पूर्ण भारावर आठ तासांच्या पाळीत ते सुमारे ७० लिटर भरते. पुढे रेफ्रिजरेटेड ड्रायरने (हवा थंड करून सुकवणाऱ्या) ३ अंशांचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो बिंदू, गाठला, तर आणखी साधारण २८ लिटर निघायला हवे. म्हणून नव्या जागी गेल्यावर मी प्रथम प्रत्येक ड्रेनखाली बादली ठेवतो आणि पाळी संपल्यावर पाणी मोजून वहीत लिहितो. नवी मुले हसतात, कारण त्यांना लगेच एखादे उपकरण जोडून आकडा पाहायचा असतो. बादलीशेजारी आठ तास थांबण्याचा धीर फार थोड्यांना असतो.

एका कारखान्यात रंगकामाच्या बूथमध्ये रंगावर बारीक फोड येत होते. तीन महिन्यांत बूथच्या फिल्टरचे एलिमेंट तीनदा बदलून झाले होते आणि मोठ्या ड्रायरचे कोटेशन टेबलावर तयार होते. ड्रायरच्या पॅनेलवर ३ अंश दिसत होते, त्यामुळे ‘ड्रायर चालतो आहे, पण कमी पडतो आहे’ असे सर्वांनी ठरवून टाकले होते. पॅनेलवरचा तो आकडा बहुधा आतल्या थंड भागाजवळच्या सेन्सरचा असतो. हवा तेथे थंड झाली एवढेच त्यातून कळते. वेगळे झालेले पाणी बाहेर गेले की हवेबरोबर पुढे वाहिले, याचा त्यात पत्ता नसतो. बादल्या ठेवल्या, तेव्हा रिसीव्हरखालची (हवा साठवण्याच्या टाकीखालची) नीट भरू लागली आणि ड्रायरखालची दोन तासांनंतरही कोरडीच राहिली. वाकून पाहिले तर ऑटो ड्रेनच्या (आपोआप उघडणाऱ्या ड्रेनच्या) आधीचा बॉल व्हॉल्व्ह बंद होता. तो उघडल्यावर थोडे गढूळ पाणी येऊन थांबले, कारण गाळणी गंजाने गच्च भरली होती; ती साफ केली, तेव्हा कोठे काळपट धार सुटली.

चौकशीत उलगडले ते असे. रिसीव्हरमधला गंज ड्रेनच्या सीटमध्ये (झडप जेथे बसते त्या जागी) अडकून हवा सतत फुसफुसत होती, आणि रात्रपाळीतल्या कोणीतरी त्या आवाजाला कंटाळून व्हॉल्व्ह फिरवून टाकला होता. त्या दिवसापासून ड्रायर इमानाने पाणी वेगळे करीत होता आणि तेच पाणी हवेबरोबर बूथकडे जात होते. त्या माणसाला मी फार दोष देत नाही. तीन महिन्यांत तेथे एकदाही न वाकणाऱ्यांना देतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतःही एलिमेंट बदलून मोकळा झालो आहे, हे कबूल करतो.

तेव्हापासून ड्रेनच्या बाबतीत मी हट्टी आहे. पाण्याची पातळी ओळखून उघडणारा ड्रेन मला टायमरवाल्यापेक्षा बरा वाटतो, कारण कोरड्या दिवसांत लावलेली टायमरची वेळ दमट दिवसांत अपुरी पडते आणि दमट दिवसांतली वेळ कोरड्या दिवसांत हवा फुकट घालवते. ड्रेनचे टेस्टचे बटण पाळीतून एकदा दाबावे आणि गाळणी महिन्यातून एकदा उघडावी. निरनिराळ्या दाबांवरचे ड्रेन एकाच अरुंद पाइपमध्ये सोडू नयेत. जास्त दाबाचे पाणी कमी दाबाच्या ड्रेनची वाट अडवते. व्हॉल्व्ह ‘किंचित उघडा’ ठेवून देण्याची जी युक्ती अनुभवी म्हणवणारे शिकवतात, ती तर मला अजिबात सहन होत नाही, कारण त्या फटीतून पाण्यापेक्षा विजेवर पैसे मोजून दाबलेली हवाच अधिक जाते.

फिल्टरविषयीचा गैरसमजही असाच चिवट आहे. कोएलेसिंग फिल्टर (बारीक थेंब एकत्र करून पकडणारा) थेंब आणि तुषार पकडतो; बाष्प त्यातून सरळ पार होते आणि पुढे लाइन थंड झाली की तेथे पाणी होऊन पडते. एलिमेंट कितीही बारीक असले तरी हे बदलत नाही. यंत्राजवळच्या फिल्टरची वाटी रोज भरत असेल, तर ती फिल्टरची कामगिरी समजून खूश होण्याऐवजी उलट दिशेने चालत कॉम्प्रेसरपर्यंत जावे.

ड्रायर खरोखर लहान पडतो, असेही घडते, परंतु तेव्हाही कारण अनेकदा त्याच्या आधीच असते. कॅटलॉगमधली क्षमता सहसा ७ बार दाबाने आणि ३५ अंश तापमानाने आत येणाऱ्या हवेसाठी दिलेली असते. बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेत ३५ अंशांना घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम पाणी असते, तर ४५ अंशांना ६५ ग्रॅम. आफ्टरकूलरच्या पंख्यांवर धूळ बसली आणि खोलीतली गरम हवा बाहेर जायला वाट नसली, की हे दहा अंश सहज वाढतात आणि ड्रायरवरचा पाण्याचा बोजा दीडपटीहून अधिक होतो. त्याच कोंदट खोलीत दुप्पट मोठा ड्रायर आणून बसवण्यापूर्वी आफ्टरकूलर आणि ड्रायरचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) दोन्ही साफ करून पाहावेत. मी ते दर पंधरवड्याला करतो. वेळापत्रकात काय लिहिले आहे ते विचारत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतील. यंत्राकडे जाणारी फांदी मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने काढावी, कारण खालून काढली तर तळाशी वाहणारे पाणी आपण आमंत्रण देऊन यंत्रात नेतो. मुख्य पाइपला वाहण्याच्या दिशेने शंभरास एक एवढा उतार द्यावा आणि शेवटी ड्रेन ठेवावा. रेफ्रिजरेटेड ड्रायर कॉम्प्रेसरच्या आधी काही मिनिटे सुरू करावा. हवा ड्रायरला वळसा घालून नेणारा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे ना, ते हाताने तपासावे.

पाइप ३ अंशांहून थंड जागेतून जात असेल, तर रेफ्रिजरेटेड ड्रायर तेथे उपयोगाचा नाही आणि डेसिकंट ड्रायरच (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) लागतो. दाबलेल्या हवेच्या शुद्धतेचे मानक असलेल्या आयएसओ ८५७३-१ मधला आर्द्रतेचा वर्ग २ म्हणजे दाबाखालचा उणे ४० अंश दवबिंदू. मात्र एका यंत्रासाठी सगळ्या कारखान्याची हवा उणे ४० ला नेणे ही उधळपट्टी आहे. उष्णता न वापरणाऱ्या डेसिकंट ड्रायरला स्वतः सुकण्यासाठी साधारण १५ टक्के हवा लागते. ती ‘वाचवण्यासाठी’ पर्ज, म्हणजे हा सुकवणारा झोतच, बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. डेसिकंटच्या आधी तेल पकडणारा फिल्टर नसेल, तर दाण्यांवर तेल चढते आणि ते दाणे पुन्हा सुकवूनही पूर्ववत होत नाहीत.

बादलीतले पाणी गटारात ओतू नये, कारण त्यात कॉम्प्रेसरचे तेल असते. ते तेल-पाणी विभाजकातूनच जायला हवे. वहीत मापाशेजारी मी रंगही लिहितो: पाणी तपकिरी दिसले तर गाळणी महिना भरण्याची वाट न पाहता उघडतो, आणि नेहमीपेक्षा एकाएकी दुधाळ झाले तर कॉम्प्रेसरचा तेल विभाजक तपासायला घेतो.