प्लास्टिकची खुर्ची आधी उलटी करून बघा

पुण्यात बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत खुर्ची घ्यायला गेलात की दुकानदार आधी रंग दाखवतो. तुम्ही खुर्ची उलटी करा. ती किती टिकेल, ते बैठकीखालीच कळतं.

खाली त्रिकोणात 5 आकडा असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची. मग मागच्या पायाचा सांधा बघा. पाय बैठकीला मिळतो तिथे कोपरा गोलसर हवा आणि त्यावरून रिब, म्हणजे मजबुतीच्या उभ्या पट्ट्या, गेलेल्या हव्यात. काटकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका रेषेवर येतो आणि कुणी मागे रेलून पुढचे पाय उचलले की खुर्ची तिथेच तडकते. दुकानातल्या गुळगुळीत टाइलवरच बसून बघा. पाय किंचित फाकणारच. बोटभर फाकले तर ती नको. घरी व्हिट्रिफाइड फरशी असेल तर पायांना रबरी बूट घाला.

वजनदार म्हणजे चांगली, हे अर्धंच खरं. शुद्ध पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं. स्वस्त मालात खडूची भर घालतात. त्यानं खुर्ची जड आणि ताठ होते, पण ठिसूळही. कडेला साच्यातून बाहेर आलेला प्लास्टिकचा बारीक पापुद्रा राहिलेला असतो, तो ब्लेडनं काढून पाण्यात दाबून सोडा. बुडाला तर भर बरीच आहे. (दुकानात हे कोणी करू देणार नाही, एक खुर्ची आणून बघा, मग उरलेल्या पाच घ्या.)

हल्ली जेवणाच्या टेबलाशी दिसते ती लाकडी किंवा लोखंडी पायांची, एकसंध प्लास्टिक बैठकीची खुर्ची. ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश डिझायनर रॉबिन डे यांची स्टीलच्या पायांवरची पीपी खुर्ची 1963 सालची. हिचं दुखणं मात्र स्क्रूत. दर दोन-तीन महिन्यांनी खालचे स्क्रू हातानं आवळा. ड्रिल मशीन लावलं की प्लास्टिकमधले आटे जातात आणि मग स्क्रू नुसता फिरत राहतो.

मापं: टेबल 75 सेंमी, बैठक 45 सेंमी. हातांची खुर्ची असेल तर हात टेबलाच्या फळीखाली जातात का, टेप लावून बघा. नाही गेले तर छोट्या फ्लॅटमध्ये रोज वाट अडते.

पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवायची असेल तर पावसाची काळजी नको, एप्रिल-मेच्या उन्हाची करा. ऊन पीपीला ठिसूळ करतं. पृष्ठभागावर हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली की तिच्यावर उभं राहून पंखा पुसू नका. काळ्या रंगातला कार्बन ऊन अडवतो, म्हणून बाहेर काळी जास्त टिकते. दुपारी चटका देते, हे खरं. पारदर्शक खुर्ची पॉलिकार्बोनेटची असेल तर थिनर, ॲसिटोन किंवा काथ्या लावू नका. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. पांढऱ्या टेबलावरचा हळदीचा डाग घासत बसू नका, साबणानं धुऊन एक दुपार उन्हात ठेवा. हळदीचा रंग उजेडात उडतो.

तडा गेला तर फेविक्विक पीपीला धरत नाही. असं करा:

1. तड्याच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही.
2. दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर अंतरावर भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवा.
3. जुन्या पीपी डब्याची पट्टी कापा आणि खालच्या बाजूनं सोल्डरिंग आयर्ननं तड्यावर वितळवा. खिडकी उघडी ठेवा. धूर निघाला की आयर्न जास्त तापलंय. प्लास्टिक जळतं आणि जोड धरत नाही.

हे बैठक आणि पाठीपुरतंच. पायाच्या सांध्यात तडा असेल तर ती खुर्ची कुंड्या ठेवायला घ्या.